बारीक आहे, वजन वाढवायचंय, आणि सगळे म्हणतात व्यायाम करू नकोस

काडीपेटी
नमस्कार मंडळी. वाचनमात्र खूप दिवस होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

वय २९, उंची १६० सेंमी, वजन ४३ किलो. शाळेपासून अशीच. जेवते व्यवस्थित. "काही खात नाहीस का गं?" हे ऐकून ऐकून आता हसूही येत नाही. जाड माणसाला तोंडावर बोलायला लोक जरा तरी कचरतात, बारीक माणसाच्या मनगटाला मात्र कुणीही येऊन दोन बोटांचा वेढा घालून बघतं. खरंच बघतात, विचारतही नाहीत.

दिसण्याचं एक वेळ सोडा. लाकडी खुर्चीत अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही, बसायची हाडं टोचतात. रक्तदानाला गेले तर काट्यावर उभी केली आणि हसून परत पाठवली. सामानाची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाताना मध्ये दोनदा खाली ठेवते.

ऑफिसातली एक मैत्रीण म्हणते वेट ट्रेनिंग सुरू कर. घरी सांगितलं तर एकमताने ठराव: "आहे तेवढंही झडून जाईल." तर प्रश्न असे. वजन उचलून वजन वाढतं का? वाढलं तर अंग पुरुषी होतं का? आणि ती सगळी लोखंडी सामग्री बघूनच धडकी भरते, तिचं काय करायचं?

टवाळ
काडीपेटीने लोखंडावर घासून घेऊ नये, ठिणगी पडेल. हलके घ्या. वाचतोय.

उंटावरचा
साधं गणित आहे. व्यायामाने कॅलरी जळतात, कॅलरी जळल्या की वजन उतरतं. म्हणून तर सगळं जग वजन उतरवायला जिमला जातं. तुम्हाला उलटं करायचंय ना? मग उलटं करा. दुपारी दोन तास झोपा आणि भरपूर खा. घरचे बरोबर बोलतायत.

मोकळं_आभाळ
मला तर मूळ प्रश्नच खटकला. लोक मनगट मोजतात म्हणून आपण मनगट बदलायचं? बारीक असणं हा आजार नाही. आधी जाड बायकांना बारीक करायचं, मग बारीक बायकांना भरायचं, बाईच्या अंगात कुणाला तरी काही तरी कमी-जास्त दिसणारच. जशी आहेस तशी छान आहेस.

काडीपेटी
@मोकळं_आभाळ, पटतंय. पण पिशवी खाली ठेवावी लागते ती लोकांमुळे नाही ना? ती मलाच जड होते.

लोहारीण
बायकांना वजनं उचलायला शिकवणं हेच माझं १२ वर्षांचं काम, त्यामुळे लांबण लावणार आहे. चहा घेऊन बसा.

@उंटावरचा, गणित अर्धंच सोडवलंत. ४३ किलोची बाई तासभर वजनं उचलते (त्यातला निम्मा वेळ दोन सेटच्या मध्ये बसून दम खाण्यात जातो), तेव्हा साधारण दीड-दोनशे कॅलरी खर्च होतात. दोन केळी खाल्ली की फिटंफाट. त्या बदल्यात स्नायूंना निरोप जातो की इथे भार पडतोय, जाड व्हा. हा निरोप झोपून जात नाही. नुसतं जास्त खाऊन वजन वाढेल, नाही असं नाही, पण त्यातलं बरंचसं चरबी म्हणून साठेल. हातापायांच्या काड्या तशाच आणि पुढे पोट, असं रूप घेऊन माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी येतं. उलट बाजूने, व्यायाम सुरू केला आणि ताटात काहीच वाढवलं नाही तर घरचे म्हणतात तसं होऊही शकतं. तेव्हा दोन्ही एकदम.

आता करायचं काय. आठवड्यातून ३ दिवस, एक दिवसाआड. त्यात चार प्रकारच्या हालचाली आल्या की झालं: बसून उठणं (स्क्वॉट), कमरेतून वाकून जमिनीवरून उचलणं (डेडलिफ्ट), ढकलणं (पुश-अप, डोक्यावर प्रेस) आणि ओढणं (रो). बाकी ती वीस चमकदार मशिन्स सध्या फर्निचर समजा. प्रत्येकाचे ३ सेट, सेटमध्ये ८ ते १२ वेळा, मध्ये २ मिनिटं विश्रांती. वजन इतकं हवं की सेट संपताना "अजून दोन जमले असते, तिसरं नाही" असं वाटावं. वीस वेळा करून गप्पाही मारता येत असतील तर ते वजन तुमच्यासाठी शोभेचं.

तिन्ही सेटमध्ये १२ पूर्ण झाले की पुढच्या खेपेला सगळ्यात लहान चकती चढवायची आणि परत ८ पासून सुरुवात. सगळी विद्या एवढीच. मायलो नावाच्या प्राचीन ग्रीक पैलवानाची जुनी गोष्ट आहे, रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासराचा बैल झाला तरी हा उचलतोच आहे. तुमचं वासरू म्हणजे ती लहान चकती. एक वही करा आणि त्यात प्रत्येक सेट लिहा. वही नसेल तर दोन महिन्यांनीही तेच वजन उचलत असाल आणि कळणारही नाही.

धडकी भरते म्हणालात. पहिल्या दिवशी बारबेलला (दोन्ही टोकांना चकत्या चढवायचा तो लांब दांडा) हातही लावू नका. एक डंबेल छातीशी धरून स्क्वॉट करा. बारबेलवर जाल तेव्हा १५ किलोची आहे का विचारा. साधी असते २० किलोची, बायकांची १५, आणि तिची जाडीही कमी, २८ ऐवजी २५ मिलिमीटर. लहान पंजाला तेवढ्यानेही फरक पडतो.

पुरुषी अंगाचं: बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या साधारण पंधराव्या हिश्श्याएवढंच असतं. चुकून कुणाचे दंड फुगत नाहीत. फुगवायला वर्षानुवर्षं लागतात, आणि कुणी कुणी त्यासाठी बाहेरून औषधंही घेतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने रौप्य मिळवलं तो ४९ किलोचा गट होता. त्यात तिने ११५ किलो डोक्यावर उचलले होते. म्हणजे धागाकर्तीपेक्षा जेमतेम पाच-सहा किलोंनी जड बाई.

टवाळ
११५ किलो म्हणजे मी आणि माझं जेवण.

नाडीपरीक्षा
लोहारीणताईंनी छान लिहिलंय, पण जिमच्या आधी एक पायरी राहिली. पेशाने डॉक्टर आहे म्हणून लिहितो.

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) १६.८ येतो. १८.५ च्या खाली कमी वजन धरतात. तुमच्या उंचीला ती रेघ ४७.४ किलोच्या आसपास पडते. आता बीएमआय ही ढोबळ मोजपट्टी आहे, स्नायू किती नि चरबी किती ते त्यातून कळत नाही. पण तुम्ही काठावर नाही, बऱ्याच खाली आहात. म्हणून तीन गोष्टी विचारतो. इथे उत्तर द्यायची गरज नाही.

पहिली, वजन कायम असंच होतं की हल्ली उतरलं? प्रयत्न न करता ६ ते १२ महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर आधी दवाखाना, मग डंबेल. दुसरी, पाळी. नियमित येणारी पाळी ३ महिने आली नाही तर अंगावर काढू नका. खाणं कमी आणि खर्च जास्त झाला की शरीर आधी हे खातं बंद करतं आणि मग हाडांकडे वळतं. तिसरी, वरचेवर जुलाब, धडधड, हात थरथरणं, फार घाम, सतत थकवा?

थायरॉइड, हिमोग्लोबिन (बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे कमी), रक्तातली साखर, इतकं तरी बघून घ्या. गव्हातलं ग्लूटेन न सोसणारा सीलिॲक आजार नुसत्या कमी वजनाच्या आणि रक्त कमी असल्याच्या रूपातही सापडतो. डॉक्टरांना गरज वाटली तर तीही तपासणी सांगतील. बहुतेक सगळं ठीकच निघेल, पण एकदा बघितलेलं बरं.

बिनधास्त_बंडू
एवढं काय त्यात! मी कॉलेजात असताना एका महिन्यात ५ किलो वाढवले होते. रोज ६ अंडी, मास गेनरचे (वजन वाढवायची पावडर) दोन मोठे ग्लास, आणि फक्त चेस्ट-बायसेप्स. ताई, बिनधास्त चालू करा.

टवाळ
@बंडू, ताईंना चेस्ट-बायसेप्सचा कार्यक्रम देणारा तू इतिहासातला पहिलाच. आणि पाय? पाय काय नंतर कुरिअरने आले?

लोहारीण
पाय विसरलेल्यांची जमात मोठी आहे, बंडू एकटा नाही.
महिन्यात ५ किलो वाढले त्यात स्नायू थोडाच असणार. नवख्या बाईचं वजन महिन्याला अर्धा, फार तर एक किलो वाढलं तरी उत्तम चाललंय म्हणायचं. आणि मास गेनरच्या डब्यामागचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच डब्यांत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं असतं, म्हणजे झटकन पचणारं पिष्टच. वाईट नाही, पण एवढे पैसे कशाला? दूध, केळं, पीनट बटर आणि ओट्स मिक्सरमधून काढले की तोच मास गेनर, वर चवही बरी.

चंद्रमुखी
पावडरीचा विषय निघालाच आहे तर सांगतेच.

मीही धागाकर्तीसारखीच, ४१ किलो. एका ओळखीच्या बाईंनी वजन वाढवायची "शंभर टक्के नैसर्गिक" पावडर दिली. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत. पंधरा दिवसांत अडीच किलो वाढले! भूक अशी की रात्री उठून खायची. मी खूश, घरचे खूश. दीड महिन्यात गाल असे सुजले की फोटोत मी आहे हे मलाच शोधावं लागायचं. हात-पाय मात्र होते तसेच. डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, कुठली पावडर घेताय? स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता म्हणाले. वर दटावलं की आता एकदम बंदही करू नका, मी सांगतो तसं कमी करत या. सूज उतरायला चार महिने लागले आणि सगळं वजन परत गेलं. माझा आयडी तेव्हापासूनचा आहे.

नाडीपरीक्षा
@चंद्रमुखी, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं सापडतात. भूक वाढवणाऱ्या गोळ्यांत सायप्रोहेप्टाडीन असतं. ते मुळात ॲलर्जीचं औषध, भूक वाढते ती दुष्परिणाम म्हणून, सोबत झोप आणि गुंगी. डॉक्टरने सांगितलं तर वेगळी गोष्ट, कुणाच्या पर्समधून आलं तर नको.

उंटावरचा
माझा मुद्दा अजून तसाच आहे. माझी बहीण माझ्यापेक्षा जास्त खाते, डोळ्यांनी बघतो. तिला चिकटत नाही. जे अंगाला लागतच नाही ते स्नायू तरी कुठून बनवणार?

सुगरणीचा_खोपा
तुमची बहीण रविवारी जास्त खात असेल, सोमवारी काय खाते ते बघितलंत का? ही माझी स्वतःची गोष्ट आहे. "मी खूप खाते" असं मी छातीठोकपणे सांगायचे. मग तीन दिवस सगळं लिहून काढलं, अगदी चहासकट. एक दिवस दणकून, पुढचे दोन दिवस दुपारचं जेवण म्हणजे चार घास, कारण भूकच नाही. सरासरी काढली तर आमच्या शाळकरी मुलापेक्षा कमी.

लोहारीण
खोपाताईंना अनुमोदन. पण बहिणीचंही अगदीच खोटं नसेल. १९९९ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. १६ जणांना ८ आठवडे रोज १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांना सारख्याच जास्त. कुणाची चरबी सव्वाचार किलोपर्यंत वाढली, तर एकाची जेमतेम ३६० ग्रॅम. फरक कुठे पडला, तर व्यायामाव्यतिरिक्तच्या हालचालीत. काहींचं शरीर जास्तीचं खाणं आपोआप चुळबुळ करून उडवून टाकतं: पाय हलवणं, उठबस, फोनवर बोलताना फेऱ्या मारणं. बहिणीला फोनवर बोलताना बघा एकदा.

उंटावरचा
आत्ताच बघितलं. गच्चीवर फेऱ्या चालू आहेत. शब्द मागे घेतो, निम्मे.

काडीपेटी
अरे बापरे, मी हे वाचताना पाय हलवत होते.

तपासण्या करून आले. थायरॉइड, साखर ठीक. हिमोग्लोबिन १०.९, लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. डॉक्टर म्हणाले हलका व्यायाम सुरू करायला हरकत नाही. @खोपाताई, मीही तीन दिवस लिहिलं. काय निघालं ते सांगायला लाज वाटते. सकाळी चहा-बिस्कीट, मग थेट दीड वाजता. पण पोट पटकन भरतं, जास्त खाऊ कशी?

सुगरणीचा_खोपा
लाज कसली. माझं चाललं ते असं.

ताट मोठं केलं नाही, वेळा वाढवल्या. तीनाच्या पाच. भूक लागायची वाट बघितली नाही, घड्याळ लावलं. आपल्यासारख्यांची भूक भरवशाची नसते. जेवणाआधी ग्लासभर पाणी पिणं बंद, ते नंतर. सूप-सॅलडने पोट भरून घेणं बंद. प्रत्येक जेवणात एक-दोन चमचे तेल किंवा लोणी वरून. एका ग्रॅम स्निग्धात ९ कॅलरी, प्रोटीन आणि पिष्टात ४-४, त्यामुळे जागा न अडवता भर पडते. आणि पिणं. चावून जे जात नाही ते पिऊन जातं, रात्री झोपायच्या तासभर आधी मोठा ग्लास दूध नाहीतर वरचा मिक्सरवाला प्रकार. जेवणाइतकं पोट भरल्यासारखं वाटत नाही.

एकदम हजार कॅलरी वाढवू नका, पोट बंड करेल. तीनशेने सुरुवात. आणि लोह घेताय तर जेवणाबरोबरचा चहा सोडा, त्याने लोह कमी शोषलं जातं. लिंबू-संत्र्याने उलट मदत होते.

टवाळ
चहा सोडा?? धागा संपला माझ्यासाठी.

सुगरणीचा_खोपा
सोडा म्हणजे तासभर सरकवा हो.

काडीपेटी
आणि प्रोटीन किती? मैत्रीण म्हणते शंभर ग्रॅम तरी हवंच.

लोहारीण
नको एवढं. २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून एक आढावा निघाला होता. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या पुढे घेतल्याने सरासरी विशेष फायदा दिसला नाही. तुमचे झाले ६९ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६, ग्लासभर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७. वर कडधान्यं, दही, सोयाबीन, मांस-मासे, जे खात असाल ते. नुसतं प्रोटीन ढोसलं की पोट लवकर भरतं आणि एकूण खाणं कमी होतं. बारीक लोकांची ही नेहमीची चूक.

अनामिका७
लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होते.

"जेवते व्यवस्थित" हे मीही म्हणायचे आणि ते खोटं होतं. मी कुणाला कळू न देता खाणं टाळायचे. उपचार घेतले, दोन वर्षं गेली त्यात. कॅलरी मोजणं, वहीत लिहिणं हे इथे सगळे सहज सांगतायत, आणि बहुतेकांना ते ठीकच असेल. मला ते विष आहे. आकडा दिसला की तो कमी करावासा वाटतो. माझ्या समुपदेशकांच्या परवानगीने मी वेगळी वही केली, त्यात फक्त उचललेलं वजन. काटा घरात नाही. आयुष्यात पहिल्यांदा असा आकडा मिळाला जो वाढला की मला बरं वाटतं. ज्या दिवशी नीट जेवले नाही त्या दिवशी डेडलिफ्ट हलत नाही. मला त्या लोखंडाने जेवायला लावलं, माणसांना ते जमलं नव्हतं.

कुणी अशी असेल तर आधी मदत घ्या. जिम नंतर.

मोकळं_आभाळ
@अनामिका७, मिठी. "जशी आहेस तशी छान" हे मी वर किती सहज लिहून गेले.

पिकलं_पान
मी ५८. आयुष्यभर बारीक राहिले आणि त्याचा अभिमान बाळगला. गेल्या साली स्नानगृहात पाय घसरला, पडले ती हातावर, मनगट मोडलं. तपासणीत हाडं ठिसूळ व्हायला लागलेली निघाली. डॉक्टर म्हणाले बारीक अंगकाठी आणि पाळी जाणं, दोन्ही गोष्टी हाडांच्या विरुद्ध जातात. हाडांची जमा साधारण तिशीपर्यंत होते, पुढे खर्चच. काडीपेटी, तू २९ ची आहेस. वाच ते वाक्य परत.

आता आठवड्यातून दोनदा जाते. भीती वाटायची, पण शिकवणारीने ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. माझ्यासारख्या हाडांच्या बायकांनी ८ महिने, आठवड्यातून २ वेळा, अर्धा-अर्धा तास चांगली जड वजनं उचलली, अर्थात तज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. मी सध्या २२ किलोवर आहे. परवा लोणच्याची घट्ट बरणी सुनेने माझ्याकडे आणून दिली. "आई, तुम्हीच उघडा."

टवाळ
काकू, आमच्याकडेही एक बरणी आहे. कधी येताय?

उंटावरचा
बरणी गरम पाण्यात धरावी. झाकण प्रसरण पावतं.

पिकलं_पान
उंटावरून उतरा आता. मजा घालवू नका.

(पुढचे तीस-एक प्रतिसाद बरण्या, झाकणं आणि पाना-पक्कड यांवर झाले. धागा वर आला तो असा.)

काडीपेटी
११ आठवडे झाले. हजेरी लावायला आले.

पहिल्या आठवड्यात जिना उतरताना कठडा धरून आडवी चालत होते. नंतर तसं कधी दुखलं नाही. पाच आठवडे डंबेल, मग १५ किलोची बार. स्क्वॉटला ती पाठीवर घेतली तर थेट मानेच्या मणक्यावर, तिथे मांसच नाही माझ्या. शिकवणाऱ्या मॅडमनी खांद्याची पाती मागे आवळायला लावली. एक उंचवटा तयार होतो, त्यावर बार बसते. ज्या दिवशी बसली त्या दिवशी कळलं की माझ्या पाठीला स्नायू आहेत.

पण रडगाणंही आहे. ताकद दुप्पट झालीय आणि वजन? ४३ वरून ४४.२. मागच्या आठवड्यात ४५.१ होतं, मी पार्टी दिली, चार दिवसांत परत ४४. काय चुकतंय?

लोहारीण
काही नाही. सुरुवातीची ताकद मेंदू-मज्जातंतूंची असते, आहे तेच स्नायू नीट कामाला लावायला शरीर शिकतं. मांस नंतर येतं. आणि रोजच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. पाळीच्या आधी पाणी साठून एक-दीड किलो सहज वर-खाली होतं. आठवडाभर सकाळी मोजा, सरासरी काढा, आणि ती मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. सरासरी तीन-चार आठवडे हललीच नाही तर अजून दीड-दोनशे कॅलरी वाढवा.

बिनधास्त_बंडू
क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) सुचवू का, की परत मार पडेल?

लोहारीण
नाही बंडू, या वेळी शाबास. दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, रोज. त्याने स्नायूंत पाणी धरलं जातं, पहिल्या काही आठवड्यांत काटा थोडा वर जाईल, ते मांस समजू नये. सक्ती मात्र नाही, त्याशिवायही सगळं होतं.

नाडीपरीक्षा
मूत्रपिंडं निरोगी असतील तर हरकत नाही. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम ज्यावरून जोखतात ते) जरा जास्त दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर तेही घाबरतील आणि तुम्हीही.

मोकळं_आभाळ
हळूच सांगते, मीही नाव घातलंय. वजन उतरवायला नाही की वाढवायला नाही.

काडीपेटी
आठ महिने. या आठवड्याची सकाळची सरासरी ४७.१. हिमोग्लोबिन १२.६. डेडलिफ्ट ५५ किलो, ५ वेळा.

लाकडी खुर्ची अजून टोचते, पण तासाभराने. जुन्या जीन्स कमरेत होतात आणि मांडीत अडकतात. नवीन घ्याव्या लागल्या, आणि पहिल्यांदाच लहान मुलींच्या विभागात जावं लागलं नाही. पिशवी दुसऱ्या मजल्यावर थेट पोचते. घरचे आता म्हणतात "किती त्या जिमचं वेड", म्हणजे ठराव बदलला.

अडलंय एका ठिकाणी. डोक्यावरची प्रेस. १५ ची बार ८ वेळा छान जाते, अडीच किलो चढवले की दोनदाच. सहा आठवडे तिथेच. बाकी सगळं वाढतंय, हेच का नाही?

नाडीपरीक्षा
अभिनंदन! बीएमआय १८.४. रेघेला ३०० ग्रॅम बाकी.

टवाळ
एक ग्लास पाणी पिऊन काट्यावर चढा, मोकळ्या व्हा.

लोहारीण
त्याचं ऐकू नका, आणि त्या रेघेचंही फार मनावर घेऊ नका. प्रेसचं बोलू.

५५ वर अडीच किलो म्हणजे साडेचार टक्के. १५ वर तेच अडीच म्हणजे जवळजवळ सतरा टक्के. तुमचं वासरू एका रात्रीत बैल होतंय, खांदे काय करतील बिचारे. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चकत्या मिळतात, त्या आणा. जिममध्ये नसतील तर स्वतःच्या ठेवा, पर्समध्ये मावतात. तोवर १५ वरच ८ चे १२ करा, तिन्ही सेट. आणि आठवड्यातून एकदा करत असाल तर दोनदा करा.

काडीपेटी
एकदाच करतेय! गुरुवारपासून दोनदा.

पिकलं_पान
मला पण दोन आणा गं त्या चकत्या.

नवीन_पालवी
सगळा धागा एका बैठकीत वाचला. वय ३४, ४५ किलो, आठ महिन्यांचं बाळ आहे, अंगावर पितं. मला हे सगळं लगेच चालेल का?

नाडीपरीक्षा
तुमच्यासाठी उत्तर थोडं वेगळं आहे. प्रसूती कशी झाली होती आणि पाळी परत सुरू झाली का, ते माझ्या विचारपूशीत कळवा.